खोटं वाचलेलं पान

ज्योत्स्नाची चूक एवढीच, की कादंबरी नेण्याआधी तिनं ती वाचली नाही. गावच्या वाचनालयाचं कपाट तिच्याच ताब्यात, पण मुखपृष्ठावर कौलारू घर दिसलं आणि या बाईसाहेबांनी पुस्तक उचललं. दुपारी ओसरीवर रुखमाबाईनं सुपात लाखोळीची डाळ निवडायची आणि ज्योत्स्नानं मोठ्यानं वाचायचं, हा दोघींचा दोन वर्षांचा शिरस्ता. रुखमाबाईला अक्षर येत नाही, पण गोष्टीची हौस दांडगी. कुणी मूर्खासारखं वागलं की सूप आपटून त्याला शिव्या घालते.

शिरस्ता सुरू झाला रश्मी गेल्यावर. रश्मी रुखमाबाईची लेक, ज्योत्स्नाची जिवाभावाची मैत्रीण. मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघालेल्या बायांचा डोंगा उलटला. ज्योत्स्ना काठाला लागली, रश्मी तिसऱ्या दिवशी सापडली. पाण्यात काय झालं, असं कुणी विचारलं की ज्योत्स्ना म्हणायची, आठवत नाही. आठवत सगळं होतं. रश्मीनं तिचं मनगट धरलं होतं, दोघी खाली चालल्या होत्या, आणि ज्योत्स्नानं हात झटकला होता.

कादंबरीच्या मध्यावर ते कौलारू घर राहिलं बाजूला आणि पूरच आला. धाकट्या जावेनं थोरलीचा हात धरला. पुढची ओळ ज्योत्स्नाच्या डोळ्यांनी आधीच वाचली: थोरलीनं हात सोडवून घेतला. मग तिनं बेधडक वाचलं, "थोरलीनं हात घट्ट धरून ठेवला. दोघी काठाला लागल्या."

"बरं झालं बाई," रुखमाबाई म्हणाली आणि सुपातला खडा फेकला.

एकदा खोटं वाचलं की पुढचं सगळं रचावं लागतं. मेलेल्या जावेला ज्योत्स्नानं चार दिवस जगवलं, तिच्याकडून स्वयंपाक करून घेतला, भांडणंसुद्धा लावली. शनिवारी मात्र ती पुस्तक ओसरीवरच विसरली.

सोमवारी गेली तर सूप भिंतीला टेकवलेलं, आणि पुस्तक रुखमाबाईच्या मांडीवर.

"काल आमच्या सुनेनं, दिव्यानीनं वाचलं. दिव्यानी म्हणते, धाकटी पुरातच मेली. तू खोटं काऊन वाचलं?"

छापायची चूक आहे म्हणता आलं असतं. पण ज्योत्स्ना आता थकली होती.

"काकी, रश्मीनं माहा हात धरला होता. म्या झटकला."

रुखमाबाईनं तिचा उजवा हात ओढला, बांगड्या वर सारल्या. मनगटावर आता काहीच नव्हतं.

"इथी नखाचे ओरखडे होते. तुले घरी आणलं त्याच दिवशी पायले म्या. माह्या पोरीचे नखं मले समजत नाई का?"

ज्योत्स्नाला रडू फुटलं. म्हणजे सगळं माहीत असून ही बाई रोज चहा ठेवत होती. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"लय राग येत होता. अजूनई येते कधीकधी. पण तू नाई आली त्या दिवशी दुपार जात नाई." रुखमाबाईनं पुस्तक पुढे सरकवलं. "ते थोरली जगली नं? तिचं पुढं काय झालं ते वाच. खरं वाच."

रुखमाबाईनं मनगट सोडलं नव्हतं. ज्योत्स्नानंही ते सोडवून घेतलं नाही. डाव्या हातानं तिनं पान काढलं आणि वाचायला लागली.