वायपरची दुसरी जोडी

शनिवारी सकाळी शब्दकोडं सोडवायला पेन हवं म्हणून रादिसावने मुलीच्या दप्तरात हात घातला आणि हाताला गाडीचे वायपर लागले. एक नाही, चांगले दोन.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. त्याचे स्वतःचे वायपर फ्रिजवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, जागच्या जागी होते. या गावात गाडी उभी केली की माणूस आधी वायपर काढतो, मग दार लावतो. आपण नाही काढले तर दुसरं कोणीतरी काढतंच. काल मिरच्या आणायला बाजारात गेला तेव्हा गाडी लावल्याबरोबर त्याने ते काढून कोटाच्या खिशात घातले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. मग ही दुसरी जोडी कुणाची?

"कुठून आणलेस?" त्याने विचारलं.

आठ वर्षांची यागोदा पावाला जॅम लावत होती. "आपल्या गाडीचे काढले."

"आपल्या गाडीचे फ्रिजवर आहेत."

"मग हे पण आपलेच असतील. गाडीवर होते."

एका गाडीला चार वायपर! रादिसाव बसमध्ये तिकीट तपासनीस होता. वीस वर्षं फुकट्यांच्या थापा ऐकून ऐकून, चोर ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी त्याची समजूत झाली होती. आणि आता चोर घरातच निघाला, वर खोटंही बोलतो. त्याचं डोकं फिरलं आणि त्याने तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदाच. यागोदा रडली नाही. गालावर हात ठेवून ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि रडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्याची बायको स्लावित्सा खाली इमारतीच्या अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या होत्या. त्याने वायपर तिच्यापुढे नाचवले.

"पोरं चॉकलेट उचलतात, खोडरबर उचलतात," ती म्हणाली. "वायपर कोण उचलतं? काय करणार ती त्यांचं?"

"विकेल."

"कुणाला? बाहुलीला?"

तो जास्तच तापला. पोलीस चौकीत त्याचा शाळासोबती वुयित्सा होता. तो मोठे डोळे करून पोरीला जरा दटावेल, म्हणजे वेळीच आळा बसेल. त्याने यागोदाला गाडीत बसवलं आणि निघाला.

"बाबा, आपल्या गाडीत ही उशी कधीपासून आहे?"

"आईने ठेवली असेल."

"काल बाजारातून येतानाही तू हेच म्हणालास."

"गप्प बस."

उशीवर लोकरीचं सूर्यफूल विणलेलं होतं. स्लावित्साला साधं बटणही धड लावता येत नव्हतं. हे क्षणभर त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात पुढचा ट्रक हलला आणि ते राहून गेलं.

चौकीत बाकावर पर्सिदाबाई बसल्या होत्या. रादिसावला तिसरीत त्यांनीच शिकवलं होतं. वुयित्सा म्हणाला, "ये. आज गाड्यांचाच दिवस दिसतोय. बाईंची गाडी काल बाजारातून चोरीला गेली."

काल यागोदा शाळेतून परस्पर त्याच्याबरोबर बाजारात आली होती. आधी वायपर, मग गाडी? त्याने चक्क खाली वाकून तिचे पाय पेडलपर्यंत पोचतील का, ते पाहिलं. पोचले नसते. मग त्याने वायपर टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हे हिने चोरलेत. हिला जरा समज दे."

पर्सिदाबाईंनी चष्मा लावला. "ही निळी चिकटपट्टी मी लावलीय. हे माझे आहेत." मग त्या मुलीकडे वळल्या. "गाडी कुठे आहे गं, बाळ?"

"बाहेर. बाबाने चालवत आणली ना आत्ता."

वुयित्सा खिडकीशी गेला. बाहेर बघितलं, हातातल्या कागदावर बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. "रादिसाव, तुझ्या गाडीचा नंबर काय?"

त्याने तोंडपाठ सांगितला.

"ती कालपासून बाजारात उभी आहे. वायपर नाहीत. भाजीवाले दोनदा सांगून गेले की उचला ही ब्याद."

"अरे, पण माझ्या चावीने ही सुरू झाली."

"माझ्या चावीने मेहुण्याची होते. कारखान्याने चाव्यांत काटकसर केलीय."

रादिसावला हळूहळू कालचा दिवस दिसायला लागला. पांढऱ्या गाड्यांची रांग, सगळ्या एकाच मापाच्या. खांद्यावर मिरच्यांचं पोतं. पहिलं जे दार उघडलं त्यात तो पोत्यासकट शिरला होता.

"घरी आल्यावर तू पोतं घेऊन वर गेलास," यागोदा म्हणाली. "वायपर काढायला विसरलास. मग मी काढून दप्तरात ठेवले. नाहीतर कोणीतरी चोरले असते."

वुयित्सा टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. पर्सिदाबाईही हसल्या. मग त्यांना मुलीचा गाल दिसला.

"हे काय झालंय?"

वुयित्सा हसायचा थांबला.

"मी मारलं, बाई," रादिसाव म्हणाला.

"कशासाठी?"

"चोरी केली म्हणून."

यागोदाने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "मग आता बाबाला कोण मारणार?"

रादिसावला लाज वाटली, अगदी तिसरीतल्यासारखी. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, गाल तिच्या हाताशी येईल एवढा खाली. "तूच मार," तो म्हणाला. "माझं चुकलं."

तिने त्याच्या गालाकडे पाहिलं. मग टेबलावरचे वायपर उचलून पर्सिदाबाईंच्या हातात दिले. "गाडी लावली की काढत जा हं," ती म्हणाली.

बाजार तिथून लांब नव्हता, दोघं चालतच निघाले. रस्ता ओलांडताना रादिसावने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. यागोदाने दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि एकटीनेच रस्ता ओलांडला.