पाय पडायच्या आधी वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझा एक काठ चेपला आहे आणि अंगावरचे पितळ काळवंडले आहे, पण आवाज अजून जसाच्या तसा आहे. मी आयुष्यात शेकडो वेळा वाजले. त्यातल्या एकाही वेळेबद्दल मी माफी मागणार नाही. एकदा मात्र मी वाजायला हवे होते आणि गप्प राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

माझा जन्म १९५८ साली अमरावतीला, इतवाऱ्यातल्या एका लहानशा दुकानात झाला. तिथे अब्दुल गफ्फार नावाचे कारागीर स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत. केशवराव मास्तर त्यांच्याकडे आपली विलायती शिट्टी घेऊन आले. ती फुटली होती. केशवराव एका शाळेत ड्रिल शिकवत आणि बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. अब्दुल गफ्फारांनी ती शिट्टी उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवून दिली.

"ही राहू द्या, मास्तर. मी तुमाले दुसरी करून देतो," ते म्हणाले.

एका मोडक्या गॅसबत्तीच्या पितळेतून त्यांनी मला घडवले. औषधाच्या बाटलीचे बूच कोरून त्याचा गोल मणी माझ्या पोटात घातला. मग त्यांनी मला असे फुंकले की समोरच्या दुकानातला म्हातारा दचकून उठला.

"बहिऱ्यालेही ऐकू जाईन," अब्दुल गफ्फार समाधानाने म्हणाले.

त्या दिवसापासून मी केशवरावांच्या गळ्यात होते.

त्या काळी आमच्याकडे बास्केटबॉल मातीच्या मैदानावर चाले. चुन्याच्या रेषा आखलेल्या असत आणि लाकडी फळीवर लोखंडी रिंग ठोकलेली असे. अमरावतीच्या रविवार संघात देवीदास नावाचा तरुण होता. तो केशवरावांचाच विद्यार्थी. सव्वासहा फूट उंच, बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर पोती उचलणारा. अकोल्याच्या मोर्णाकाठ संघात जहीर होता. तो देवीदासपेक्षाही रुंद. कापसाच्या गाठी उचलून उचलून त्याचे खांदे दाराच्या चौकटीएवढे झाले होते. हे दोघे रिंगखाली उभे राहिले की मैदान लहान वाटे.

पहिल्या वर्षी अमरावतीला त्यांचा सामना झाला. दोघे खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी असे भिडले की धूळ उडाली. देवीदास दोन पावले मागे ढकलला गेला. लोक ओरडू लागले, "फाउल द्या, मास्तर. तो बैल मारून राहिला आपल्या पोराले."

केशवरावांनी मला ओठाला लावलेसुद्धा नाही.

सामना संपल्यावर बापूसाहेब त्यांच्याकडे आले. बापूसाहेब वकील होते आणि स्पर्धेच्या समितीचे अध्यक्षही. "केशवराव, त्या जहीरने आपल्या मुलाला एवढे ढकलले. तुम्हाला दिसले नाही?"

"दिसलं ना," केशवराव म्हणाले. "दोघं समोरासमोर उभे होते. जहीर येऊन राहिला हे देवीदासले दिसत होतं, त्यानंही खांदा लावला. ज्याचा जोर कमी पडला तो मागं गेला. याले खेळ म्हणतात, बापूसाहेब."

देवीदास तेव्हा शेजारीच उभा होता, खांदा चोळत. तो हसत होता. त्या सामन्यात त्याला जेवढा मार बसला तेवढा कधीच बसला नव्हता, आणि तेवढा खूशही मी त्याला पुढे फार दिवस पाहिले नाही.

मित्रांनो, आता ती गोष्ट सांगते जिची मला लाज वाटते.

१९६१ चा डिसेंबर होता. उपांत्य सामन्यात रविवार संघापुढे वरूडकडचा संघ होता. त्यात शेंदूरजनाघाटचा नत्थू खेळत होता. घरची संत्र्याची बाग, अंगाने सडपातळ, पण उडी अशी की हात रिंगच्या वर जाई. दुसऱ्या डावात तो चेंडूसाठी उडाला. केशवरावांची नजर चेंडूवर होती. नत्थू खाली आला, एक कडकन आवाज झाला आणि तो मातीत पडून राहिला. त्याचा घोटा मोडला होता.

त्याला उचलून नेताना तो केशवरावांना एवढेच म्हणाला, "मास्तर, खाली पाय होता."

केशवरावांनी देवीदासकडे पाहिले. देवीदास म्हणाला, "तोच वाकडा पडला." खेळ पुढे सुरू झाला. मी केशवरावांच्या छातीवर लोंबत राहिले. गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर रविवार संघाचा सराव होता. केशवराव बाजूच्या बाकावर जाऊन बसले. या वेळी त्यांनी चेंडूकडे एकदाही पाहिले नाही. ते फक्त पाय पाहत होते. रिंगखाली देवीदासचा एक जोडीदार उडाला. तो हवेत असताना देवीदासने आपला पाय हळूच त्याच्या खाली सरकवला आणि शेवटच्या क्षणी काढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच.

केशवराव उठून त्याच्यापाशी गेले. "हे काय करून राहिला?"

"सराव करून राहिलो, मास्तर."

"कशाचा?"

 देवीदास बुटाच्या टोकाने चुन्याची रेषा पुसत राहिला. मग म्हणाला, "फायनलले नागपूरहून रेल्वेचे साहेब येऊन राहिले. रेल्वेच्या संघासाठी माणूस पाहायले. जिंकलो तं नोकरी लागते, मालधक्का सुटते. जहीरले वरून कोणी अडवू शकत नाई. बापूसाहेब म्हणे, कसंही करा. आन अंग लावायले तं तुमीच शिकवलं मले."

"अंग लावायले शिकवलं," केशवराव म्हणाले. "पाय लावायले नाई. ऐकून घे, देवीदास. परवा माही नजर तुया पायावर राहील."

मित्रांनो, यापेक्षा स्पष्ट शब्दांत कुणाला कुणी बजावू शकत नाही.

अंतिम सामना दुपारी चारला सुरू झाला. मैदानाभोवती माणसेच माणसे होती, झाडांवरही चढून बसली होती. पहिल्या रांगेत रेल्वेचे साहेब आणि त्यांच्या शेजारी बापूसाहेब. जहीर आणि देवीदास तासभर एकमेकांना भिडत होते. दोघांचे बनियन फाटले. जहीरच्या भुवईतून रक्त आले, तरी त्याने तक्रार केली नाही, कारण देवीदासचे डोके त्याला चेंडू ओढताना लागले होते आणि ते दोघांनाही ठाऊक होते. मी त्यांच्यासाठी चार-पाचदा वाजले, ते साध्या फाउलसाठी.

शेवटची दोन मिनिटे उरली. अकोला एका गुणाने पुढे होता. चेंडू रिंगवर आदळून उंच उडाला आणि त्याच्यामागे जहीर उडाला. सगळे मैदान वर पाहत होते. केशवराव खाली पाहत होते. देवीदासचा पाय सरकला.

मी वाजले. इतक्या जोरात मी आधी कधी वाजले नव्हते.

जहीर अजून हवेतच होता. देवीदास दचकला आणि त्याने पाय मागे खेचला, पण पुरता नाही. जहीरची टाच त्याच्या बुटाच्या टोकावर पडली. जहीरचा घोटा मुरगळला आणि तो एका गुडघ्यावर बसला. पण मोडले काही नाही.

केशवरावांनी देवीदासकडे बोट केले आणि मग मैदानाबाहेर. साधा फाउल नाही, सामन्यातूनच बाहेर.

बापूसाहेब थेट मैदानात आले. "केशवराव, हा काय प्रकार आहे? तो खाली यायच्या आधीच तुम्ही शिट्टी वाजवली. सगळ्यांनी ऐकले. काही घडलेच नव्हते तर फाउल कशाचा?"

"मंग मोडल्यावर वाजवायची होती का?" केशवराव म्हणाले.

बापूसाहेब जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचाच विद्यार्थी आहे तो. त्याच्या जन्माचे नुकसान करताहात."

"माहा विद्यार्थी हाय म्हणूनच मले त्याचा पाय दिसला. नत्थूच्या वेळी दिसला नाई, ते माहं चुकलं."

लोक ओरडत होते. कुणीतरी केशवरावांवर मातीचे ढेकूळ फेकले. ते माझ्यावर बसले आणि माझा काठ चेपला तो तेव्हा. केशवरावांनी मला धोतराच्या सोग्याने पुसले आणि खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी फुंकले. मी चेपलेल्या काठानेही वाजले. अमरावती एका गुणाने हरली.

सामन्यानंतर जहीर पाण्याच्या बादलीत पाय घालून बसला होता. केशवराव त्याला पाहायला गेले. तो म्हणाला, "मास्तर, देवीदासचा खांदा लागला तं मजा येते. त्याच्यासारखा भिडणारा वऱ्हाडात दुसरा नाई. पण हवेत असल्यावर माणसाले खालचं दिसत नाई. तिथं पाय ठेवणं म्हणजे पाठीमागून मारणं हाय."

पुढच्या आठवड्यात समितीने केशवरावांचे नाव पंचांच्या यादीतून काढले. देवीदासला रेल्वेच्या साहेबांनी घेतले नाही. रस्त्यात मास्तर दिसले की तो बाजू बदलून जाऊ लागला.

मी तीन वर्षे स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून होते. केशवरावांच्या पत्नी सत्यवतीबाई अंगणातल्या पेरूवर पोपट आले की मला फुंकत. पोपट घाबरून उडत. मला त्यात कमीपणा वाटला नाही, पण माझ्या पोटातला मणी सुकत चालला होता.

१९६४ च्या हिवाळ्यात अकोल्याहून पत्र आले. मोर्णाकाठ संघाने आपल्या स्पर्धेसाठी केशवरावांना पंच म्हणून बोलावले होते. सत्यवतीबाईंनी मला खिळ्यावरून काढले, चिंचेने घासले आणि त्यांच्या हातात दिले.

"जा तुमी," त्या म्हणाल्या. "पण त्यायनं आपला माणूस म्हणून बोलावलं असन, तं त्यायचा गैरसमज लवकरच दूर होईन."

तसेच झाले. अंतिम सामना पुन्हा त्याच दोन संघांचा होता. जहीर आता जड झाला होता, धापा टाकत होता. देवीदास त्याला वळसा घालून जाऊ लागला तेव्हा जहीरने मागून त्याची कंबर धरली. तो त्याचा पाचवा फाउल होता. समोर सगळे अकोला बसलेले, आणि मी वाजले. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, तसा जहीर खेळातून बाद झाला.

मोर्णाकाठचे एक म्हातारे गृहस्थ धावत आले. "मास्तर, आमी तुमाले बोलावलं ना?"

"हो. पंच म्हणून बोलावलं," केशवराव म्हणाले.

जहीर मात्र बाहेर जाता जाता म्हणाला, "बरोबर हाय, मास्तर. धरलं मी." आणि तो बाकावर जाऊन शांतपणे बसला. देवीदास त्या दिवशी शेवटपर्यंत खेळला. त्याने खांदे लावले, छाती लावली, दोनदा स्वतःच आपटला. मी त्याचे पाय पाहत होते. ते स्वतःच्या जागेवरच होते.

संध्याकाळी अकोला स्टेशनवर केशवराव बडनेऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसले होते. देवीदास येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. 

मग म्हणाला, "मास्तर, मी शेंदूरजन्याले जाऊन आलो. नत्थूकडं."

केशवराव त्याच्याकडे वळले.

"लंगडते तो अजून. बागेत संत्री निवडत बसला होता. मी म्हटलं, तो पाय माहा होता. तो म्हणे, मले मालूमच होतं. तुले मालूम हाय का, तेवढं पाहायचं होतं."

"मंग?"

"मंग काई नाई. संत्रं सोलून देल्लं मले. मले खाता येईना."

गाडीचा आवाज लांबून ऐकू येऊ लागला. केशवरावांनी त्याला माफ केले असे म्हटले नाही. ते नत्थूने म्हणायचे होते. त्यांनी एवढेच म्हटले, "उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर ये. पोरायले अंग कसं लावायचं ते शिकवायचं हाय. माह्या गुडघ्यानं आता ते होत नाई."

देवीदास आला. तो रेल्वेच्या संघात कधीच गेला नाही, मालधक्क्यावरच राहिला. पण पाच वर्षे झाली, सकाळी तो मुलांना रिंगखाली भिडायला शिकवतो आणि मी कडेला उभ्या असलेल्या केशवरावांच्या गळ्यात असते. नाजूक खेळा असे तो कधी सांगत नाही. जोर लाव म्हणतो, पड म्हणतो, उठ म्हणतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, पुसून ठेवा. मी तसे सांगणार नाही. मला कपाटात ठेवाल तर माझ्या पोटातला मणी सुकेल आणि मी पोपटांनाही घाबरवू शकणार नाही. मला वापरा. आपल्या माणसावर वापरा, आपल्या गावात वापरा, समोरचे लोक ढेकळे घेऊन उभे असले तरी वापरा. उडालेल्या माणसाला खाली उतरायला मोकळी जमीन मिळाली पाहिजे. तिथे कुणाचा पाय सरकताना दिसला तर मी वाजणार, आणि वरचा पाय पडायच्या आधी वाजणार.

बापूसाहेब अजून म्हणतात की त्या दिवशी मी लवकर वाजले. म्हणू देत.