दारावरची झडप

बाबा सुतार होते आणि वाऱ्याच्या बाबतीत थोडे वेडेच होते. घरातल्या प्रत्येक दाराच्या वर, भिंतीत त्यांनी लाकडी झडप बसवली होती, दोरी ओढली की उघडणारी. "गरम हवा वर चढते. तिला वाट ठेवली की आपली आपण निघून जाते, पाहुण्यांसारखं नाही तिचं," असं ते म्हणायचे. पाहुणे मात्र खरंच हलायचे नाहीत. भर उन्हाळ्यात शेजारीपाजारी घामाघूम होऊन यायचे, जरा टेकायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत. चहा करून करून आईचा पिट्टा पडायचा, पण घराचं कौतुक ऐकताना तिचाच चेहरा फुलायचा.

बाबा गेले आणि थोरली लेक आईच्या सोबतीला राहायला आली. पण आज आईने परस्पर सुतार बोलावला आणि दोघींच्या खोल्यांमधल्या दारावरची झडप फळी ठोकून बंद करायला सांगितली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, भट्टी होईल खोलीची! डॉक्टर काय म्हणाले? उकाड्यात बसायचं नाही तुला."

"मला गार लागतं."

"या दिवसांत?"

आई हटून बसली. शिडीवर चढलेला सुतार एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "ठरवा तुमचं. मी आहे," म्हणाला आणि तिथंच टेकला.

थोरलीचा जीव त्या झडपेत अडकला होता, ते काही नुसत्या हवेसाठी नाही. लहानपणी दिवे मालवले की ती आणि धाकटा भाऊ कान टवकारून पडायचे. झडपेतून पलीकडची गार झुळूक यायची आणि तिच्याबरोबर आईबाबांच्या गप्पा. बाबा एखाद्या चिक्कू गिऱ्हाइकाची नक्कल करायचे आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. धाकट्याला हसू फुटायचं, मग थोरली त्याचं तोंड दाबून धरायची. तेवढं सुख तिला पुढे कुठल्याच घरात मिळालं नाही.

"बाबांच्या हातची आहे ती. कशी बुजवायची?" तिने विचारलं.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "परवा तूच सांगितलंस ना हसत हसत, आमचं सगळं बोलणं ऐकू यायचं म्हणून?"

"मग?"

"मग आताही येत असेल."

"आता तू एकटी. बोलतेस कुणाशी?"

आईची कानशिलं लाल झाली. "त्यांच्याशीच," ती म्हणाली.

थोरलीचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत. मग सुताराला म्हणाली, "दादा, फळी नका ठोकू. माझी खाट तेवढी बाहेरच्या खोलीत न्यायला हात लावा."

दोघांनी खाट उचलली. आई मागोमाग दारापर्यंत आली.

"तिथं उकडेल गं तुला. खिडकी नाही त्या बाजूला. घर बांधतानाच म्हटलं होतं मी ह्यांना, ऐकतील तर शपथ!"

"मग आज चांगलं खडसाव बाबांना," थोरली म्हणाली. "मी काही ऐकणार नाही."