तोरणाचा खिळा आणि मी

मित्रांनो, ठाण्याच्या एका कपाटात धूळ खात पडलेली ही हँडलवाली काळी पेटी म्हणजे मी, मेगर. वायरिंगमधून वीज कुठे गळेल का, ते माझा काटा सांगतो. काम चांगलं असेल तर तो पार दुसऱ्या टोकाला जातो, वाईट असेल तर शून्यावर बसतो. तोंडदेखलं गोड बोलणं मला जन्मात जमलं नाही. त्यापायी शिव्याही पुष्कळ खाल्ल्या.

माझे मालक, गुरुदत्त प्रधान, घरोघरच्या वायरिंगचे तपासनीस होते. मला खांद्याला अडकवून ते ठाणे, कल्याण, शहाड पालथं घालायचे. काय दिवस होते ते! त्यांची सही झाल्याशिवाय घराला वीज मिळत नसे.

१९५३ साली डोंबिवलीच्या खाडीकाठी परशुरामदादांनी मिठागरात राबून नवं घर बांधलं. लेकीचं, जयाचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. गावातला पहिला विजेचा दिवा तिच्या मांडवात लागणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. गुरुदत्तांनी हँडल फिरवलं, तर माझा काटा शून्यावरून हलेना.

"सायब, सही करा ना," परशुरामदादांनी हात जोडले. "दिवा पेटला नाय तं लोका हसतीन मना."

"हसू देत, दादा," गुरुदत्त म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलू?

शोधता शोधता दोष सापडला. दारावरून, आतून वायर नेलेली लाकडी पट्टी गेली होती. जयाच्या आईनं, बायजाबाईंनी, तोरणासाठी त्या पट्टीतच लोखंडी खिळा ठोकला होता. लाकूड दिसलं, ठोकला. तो आतली वायर फोडून ओल्या भिंतीत घुसला होता.

"वीज आली असती, तर ती या खिळ्यातही उतरली असती," गुरुदत्त म्हणाले. "तोरण कोण बांधणार होतं?"

"जया," बायजाबाई म्हणाल्या. "सासरी जाताना माझ्या हातानं बांधीन, बोलली व्हती."

परशुरामदादांनी सहीचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन दिवसांत नवी वायर घालणं जमेना, म्हणून लग्न गॅसबत्तीत लागलं. हसणारे हसले. मग वायर बदलली, आम्ही पुन्हा गेलो, काटा टोकाला गेला आणि सही झाली.

आता गुरुदत्त नाहीत. हँडलवरचा त्यांचा हात मला फार आठवतो. मित्रांनो, खिळा ठोकण्याआधी आतून वायर गेली आहे का ते विचारा, आणि 'नाही' म्हणणाऱ्यावर डूख धरू नका. परशुरामदादांनी धरला नाही. वीज आली त्या दिवशी आम्हालाही बोलावणं होतं. पहिलं बटण दाबायला त्यांनी जयाला सासरहून आणलं होतं. तिच्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती.