दसऱ्याची हळद आणि मी

मित्रांनो, परळच्या एका संशोधन संस्थेत तळमजल्यावर मी उभा असतो. मी जुना मायक्रोस्कोप आहे, आणि आधीच सांगून टाकतो, भयंकर भित्रा आहे. जर्मनीहून पेटीतून आलो तेव्हा मला बघायला रांग लागायची. नवं महागडं यंत्र आलं, तशी रांग तिकडे गेली. माझ्याकडे उरली एकटी नूपुर.

नूपुर काळाचौकीची. पीएचडी झालेली, पण नोकरी कायमची नाही. तीन वर्षांची फेलोशिप होती, तीही डिसेंबरात संपणार. ती एक नवं औषध तपासत होती, त्याला हिरवी चमक होती. आजारी पेशी माझ्याखाली हिरव्या दिसल्या, की औषध आत पोचलं म्हणायचं. तसं झालं तर पुढची नोकरी, नाहीतर घरी बसायचं.

दसऱ्याआधी तिनं औषध न दिलेल्या पेशींचे फोटो काढले. सगळे काळे, म्हणजे हवे तसेच. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. "बाबा रे, यंदा तरी लाज राख," म्हणत तिनं मला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. तेवढ्यात तिच्या नकळत चिमूटभर हळद शेजारच्या तेलाच्या उघड्या बाटलीत पडली. नीट दिसावं म्हणून माझ्या भिंगाला त्याच तेलाचा थेंब लावतात. आणि माझ्या निळ्या दिव्याखाली हळद हिरवी चमकते!

दुसऱ्या दिवशी औषध दिलेल्या पेशी आल्या. हिरव्यागार! नूपुर अक्षरशः नाचली. अहो, मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठंय? तिचे वरिष्ठ अभयसर म्हणाले, "सोमवारी जर्नलला पेपर पाठवून टाकू." माझा जीव टांगणीला लागला. उद्या हे कुणी खोटं पाडलं, तर या पोरीला दारात तरी कोण उभं करील?

शुक्रवारी एक जुना फोटो हललेला निघाला, म्हणून तिनं औषध न दिलेल्या पेशी पुन्हा ठेवल्या. त्याही हिरव्या. मग नुसती रिकामी काच ठेवून तेलाचा थेंब घातला. तरी हिरवं! तिनं बाटली उजेडात धरली, तर तळाशी पिवळी हळद. बाटली फेकून ही गप्प बसली तर?

ती सरांना घेऊन आली.

"सर, पेपर नका पाठवू. ही चमक औषधाची नाही, मीच लावलेल्या हळदीची आहे."

"अगं, डिसेंबर तोंडावर आलाय. नव्यानं सुरुवात करायला वेळ कुठंय तुला?"

"नाहीये, सर. पण खोटं कसं पाठवू?"

नव्या तेलानं तिनं सगळं पुन्हा केलं. औषध दिलेल्या पेशींचेही फोटो काळे आले, म्हणजे औषध आत पोचलंच नव्हतं. डिसेंबरात ती गेली. जाताना माझी भिंगं पुसून, कव्हर घालून गेली.

आता तिच्या जागी यशोधन येतो. हुशार मुलगा आहे. कालच त्याला काहीतरी चमकताना दिसलं आणि त्यानं लगेच सरांना फोन लावला. पुन्हा तपासून पाहिलंच नाही. मित्रांनो, मला पुसा, झाका, जपा, सगळं करा. पण मी दाखवलं म्हणून लगेच खरं मानू नका हो. यंत्र कधी खोटं बोलत नाही असं तुम्हाला वाटतं ना, त्याचीच मला फार भीती वाटते.