राजाची कुरकुरती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला सिंहासन म्हणतात, त्यावर जाऊ नका. सोनेरी कागद खरवडलात की खाली मीच सापडेन.

माझा जन्म शाळेच्या ऑफिससाठी झाला. चार मुख्याध्यापक मी अंगावर झेलले. एकानेही आभार मानले नाहीत. मग गोल फिरणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला नाटकाच्या बाईंनी बाहेर काढलं.

दरवर्षी बाई मुलांकडून शेकडो वर्षांपूर्वीच्या एका परदेशी नाटकातला प्रवेश बसवून घेतात. त्यात राजा असतो, राणी असते आणि शेवटी बहुतेक सगळे मेलेले असतात. यंदाची राणी नववीतली, आवाजाने अगदी बारीक. तिने राजाकडे पाठ करून, गुडघ्यावर बसून, मान खाली घालून थांबायचं आणि राजा सिंहासनावर बसला की बोलायचं. राजा म्हणजे ढब्बू. तो टेकला की माझा मागचा पाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा कुरकुरायचा. दीड महिना राणी एकदाही चुकली नाही. बाईंना वाटलं, हे आपलं दिग्दर्शन.

रंगीत तालमीच्या सकाळी शाळेच्या सुताराने मला उलटं केलं. कुणी सांगितलं नव्हतं; त्या भल्या माणसाला कुरकुर ऐकवेना. त्याने पायात एक पाचर ठोकली आणि खुशीत निघून गेला.

तालीम सुरू झाली. ढब्बू बसला. मी गप्प. राणीही गप्प. बाईंनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "राणीसाहेब, डोळा लागला का?" आता चुकलीस तर उद्या दुसरी मुलगी उभी करीन, असंही बजावलं. दुसरी मुलगी विंगेत मुकुट डोक्यावर घालून बघतच होती.

राणी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, पण तो अजून बसलेलाच नाही."

"मग मी काय तरंगतोय?" ढब्बू म्हणाला. सगळे खिदळले.

"तो बसला की खुर्ची बोलते," राणी म्हणाली. "मग मी बोलते."

बाई हसल्या नाहीत. स्वतः येऊन माझ्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. आणि त्यांनी सुताराला बोलावणं धाडलं.

तो जाम भडकला. काम बिघडलं म्हणून आजवर खूप बोलणी खाल्ली, पण चांगलं झालं म्हणून आजच, असं पुटपुटत त्याने पाचर उपटली.

प्रयोगाच्या दिवशी ढब्बू बसला. मी होती नव्हती ती ताकद लावून कुरकुरले. राणी बोलली, त्याच बारीक आवाजात, आणि आख्खं सभागृह पुढे वाकून ऐकत राहिलं. मुकुट तिच्याच डोक्यावर राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. माझ्यावर बूट घालून चढू नका, अधूनमधून फडकं मारा. पण कुणी कुरकुरलं की लगेच पाचर घेऊन धावू नका. आधी नीट ऐका. चार मुख्याध्यापकांच्या खाली मी वर्षानुवर्षं हेच सांगत होते. त्यांनी खुर्ची बदलली.