बोटीचा संकल्प

आमच्या घराण्यात प्रवास पुष्कळ झाले. सहल मात्र कधी झाली नव्हती. लग्नासाठी, मुंजीसाठी, श्राद्धपक्षासाठी, कुणाच्या दुखण्यासाठी माणसे जात आणि कार्य आटोपले की परत येत. नुसते जावे आणि नुसते यावे, ही कल्पना आमच्या घरात प्रथम आली ती १९५३ सालच्या कार्तिकात. आणि ती माझ्या आईने आणली.

आम्ही तेव्हा ठाण्यास टेंभी नाक्याजवळ राहत असू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि गाव शास्त्रीबोवा म्हणे. सकाळी ते चार विद्यार्थ्यांना व्याकरण सांगत आणि दुपारी लोकांना मुहूर्त काढून देत. मी चोवीस वर्षांचा होतो, नुकताच शाळेत संस्कृत शिकवू लागलो होतो. धाकटी बहीण शालू कॉलेजात जात होती. घराणे मूळचे जुन्नरचे, म्हणजे घाटावरचे. खाडीचे पाणी आम्ही रोज पाहत असू, पण समुद्रावर आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवले नव्हते.

शेजारच्या मालनताई वेंगुर्ल्याच्या. दर वर्षी त्या बोटीने माहेरी जात. त्या दिवाळीनंतर परत आल्या आणि आमच्या ओटीवर बसून आईला प्रवासाची हकीकत सांगू लागल्या. आई तांदूळ निवडीत होती.

"बोट लागली नाही का हो तुम्हांला?" आईने विचारले.

"लागते थोडी. आवळकाठी चघळायची. पण सुमतीबाई, एक सुख सांगते. बोटीत करायचं काहीच नसतं. स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही. डेकवर वळकटी पसरायची आणि बघत बसायचं."

"काय बघायचं?"

"काही नाही. पाणी."

आईचा तांदळातला हात थांबला. त्या थांबण्याकडे तेव्हा माझे लक्ष होते, याचे मला आजही समाधान वाटते. कारण आईचे हात थांबलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत.

आठ दिवसांनी, अण्णांचे जेवण होऊन ते सुपारी कातरीत असताना, आईने विषय काढला. आपण सर्वांनी एकदा बोटीने वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन यावे, असे ती म्हणाली. अण्णांनी प्रथम शास्त्र पाहिले. किनारा डोळ्यांआड होत नाही, तोवर ते समुद्रोल्लंघन नव्हे, असा निर्णय त्यांनी दोन दिवसांत दिला. आम्हांला वाटले, काम झाले. शालूने आनंदाने नकाशा काढला आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे आईला मोठ्याने वाचून दाखवू लागली. आई ती नावे पोथी ऐकावी तशी ऐके.

मी मुंबईस तिकिटांची चौकशी करून आलो. तेथील कारकुनाने चष्म्यावरून पाहिले.

"उतरणार कुठे?"

"कुठेच नाही. त्याच बोटीने परत यायचं आहे."

"उतरणार नाही? मग चढता कशाला, मास्तर?"

हा प्रसंग मी घरी हसत सांगितला. शालू पोट धरून हसली. अण्णा मात्र हसले नाहीत.

"त्याचा प्रश्न योग्य आहे," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्याचे उत्तर शोधून आणले. "आपण देवगडला उतरू. कुणकेश्वराला लघुरुद्र करू. अकरा ब्राह्मण जेवतील. म्हणजे यात्राही घडेल आणि बोटही घडेल."

त्यांनी यादी केली. पूजेचे ताम्हन, पळी-पंचपात्री, सोवळ्याची पेटी, स्टोव्ह, दोन पातेली, कढई, झारा, कणीक, तूप, गूळ. आई एकेक वस्तू आणून ट्रंकेत ठेवू लागली. कढई ठेवली आणि ती ट्रंकेजवळच बसली.

"मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघं जाऊन या."

अण्णा चकित झाले. "अगं, हे सारं तुझ्यासाठीच चाललंय ना?"

"माझ्यासाठी नाही. कुणकेश्वरासाठी चाललंय. तिथं पोचल्यावर सोवळं नेसून अकरा पानांचा स्वयंपाक कोण करणार? तो मी इथंही करतेच. त्यासाठी मला समुद्र कशाला हवा?" तिचा आवाज चढला नाही. "तेरा वर्षांची असताना मी या घरात आले. पंढरपूर झालं, नाशिक झालं, गाणगापूर झालं. प्रत्येक ठिकाणची चूल आठवते मला. देवळाचा कळस आठवत नाही. मला एकदाच, काही न करता, बसून जायचं होतं. ते तुमच्या शास्त्रात बसत नसेल, तर राहू द्या."

अण्णा उठून ओटीवर गेले.

त्यांची अडचण हट्टाची नव्हती, हे मी आज सांगू शकतो. त्यांच्या आयुष्यात कोणतेही कार्य संकल्पावाचून झाले नव्हते. उजव्या हातात पाणी घ्यायचे, देश-काल उच्चारायचा, हे कर्म मी कशासाठी करीत आहे ते सांगायचे आणि पाणी ताम्हनात सोडायचे. बोटीवर चढण्यापूर्वी ते संकल्प करणार, यात शंका नव्हती. परंतु 'कशासाठी' या जागी कोणता शब्द घालावा? ती जागा रिकामी ठेवता येत नाही.

आम्ही भावंडांनी शब्द पुरविण्याचा प्रयत्न केला.

"आरोग्यार्थ म्हणा, अण्णा," मी म्हणालो. "समुद्राची हवा आईला मानवेल."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला काय धाड भरलीय?"

"मग ज्ञानार्थ," शालू म्हणाली. "माझा भूगोल पक्का होईल."

अण्णांनी मान हलविली. "हातात पाणी घेऊन खोटं बोलायचं? एरवी बोललेलं एक वेळ विसरता येतं."

तिकिटे काढण्याचा दिवस जवळ आला. आई नेहमीप्रमाणे वागत होती. फक्त नकाशाची घडी घालून तिने तो शालूच्या कपाटात ठेवून दिला होता.

दर शनिवारी अण्णा निर्माल्य विसर्जन करण्यास खाडीवर जात. त्या शनिवारी मीही बरोबर होतो. तेथे धाकू कोळी होडीला तेलपाणी करीत बसला होता. वयाने तो अण्णांएवढाच. दोघांची ओळख जुनी. धाकू त्यांच्याकडे मुलांच्या लग्नाच्या तिथी विचारी.

"शास्त्रीबोवा, आयकलं का तुमी बोटीनं चाल्लाव?"

"विचार आहे."

"कुटं?"

"वेंगुर्ल्यापर्यंत. आणि परत."

"थितं कोन हाय?"

"कोणी नाही."

धाकू खदाखदा हसला. "म्हंजे आमच्यावानीच! आमी बी रोज जाताव न् येताव. पन आमी येताना मासली आनताव. तुमी काय आननार?"

अण्णांनाही हसू आले. पण ते लगेच मावळले. "तेच मला कळत नाही, धाकू. प्रयोजन सापडत नाही."

"ते काय अस्तं?"

"कशासाठी जायचं, ते."

धाकूने हातातले फडके बाजूला ठेवले. "अवं, औंदा नारली पुनवेच्या दुसऱ्या दिशी मी सगुनाला होडीत बसवली न् खाडीच्या तोंडापावत नेली. जालं नाय, टोपली नाय. ती म्हनं, 'ह्यो म्हातारा येडा झाला.' मंग गप बसली. येताना म्हनली, 'तीस वर्सं मासली इकली, पन समिंदर आज पायला.'"

"आणि तू कशासाठी नेलंस?"

"आता काय सांगू? तिला बरं वाटावं म्हनून. आजून काय पायजे?"

 अण्णांनी निर्माल्य ओहोटीच्या पाण्यात सोडले. घरी येताना मासुंदा तळ्याच्या काठी त्यांनी मला विचारले, "तिकिटं अजून मिळतील?"

"मिळतील."

"चार काढ. मधे कुठे उतरायचं नाही."

निघण्याचा दिवस उजाडला. आई तयार झाली होती, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. रुद्र गेला, तरी दुसरे काही निघेल, असे तिला वाटत असावे. अण्णांनी देवघरापुढे पाट मांडला, आचमन केले आणि आईला शेजारी बसावयास सांगितले. रीतीप्रमाणे तिने त्यांच्या उजव्या हाताला आपल्या बोटांनी स्पर्श केला. मी आणि शालू दारात उभे होतो.

अण्णांचा स्वर नेहमीसारखाच संथ होता. संवत्सर झाले, अयन झाले, ऋतू, मास, पक्ष, तिथी झाली. आईला संस्कृत येत नव्हते. परंतु पस्तीस वर्षे हे शब्द कानांवरून गेल्याने प्रत्येक शब्दानंतर कोणता येणार, हे तिला ठाऊक होते. आता परमेश्वराचे नाव यायचे, मग 'प्रीत्यर्थं', म्हणजे त्याच्या संतोषासाठी, असे यायचे आणि पाणी सुटायचे. नेहमीच्या जागी तिने मान किंचित लवविली.

अण्णा क्षणभर थांबले. मग स्पष्ट उच्चारात म्हणाले,

"मम धर्मपत्न्याः सुमत्याः प्रीत्यर्थं नौयात्रां करिष्ये।"

 त्या काळी पतीने पत्नीचे नाव लग्नाच्या उखाण्यात घ्यावे, एरवी घेऊ नये, असा शिष्टाचार होता. अण्णांच्या तोंडून ते नाव मी प्रथमच ऐकत होतो. आणि तेही त्या जागी, जेथे परमेश्वराखेरीज कुणी बसत नाही.

आईने चमकून वर पाहिले. "चुकलात," ती हळूच म्हणाली. "पुन्हा म्हणा."

"चुकलो नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पाणी सोडले.

एरवी पाणी सुटताच आई उठत असे. ताम्हन उचलावे, पाट आत न्यावा, तीर्थ तुळशीस घालावे, ही तिची कामे. त्या दिवशी ती उठली नाही. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ताम्हन दोन्ही हातांत घेऊन ते स्वतःच तुळशीकडे गेले. वाटेत थोडे पाणी जमिनीवर सांडले. आईने ते पाहिले आणि पुसायला न उठता, हात मांडीवर ठेवून, ती तशीच बसून राहिली.